टक्के मिळाले, माणूस कधी मिळणार?

वहिनीने बाबूच्या पायात वाळे घातले आहेत. बाबू नऊ वर्षांचा आहे. या वयाच्या मुलाच्या पायात वाळे कुणी घालत नाही, आणि वाडीतल्या पोरांनी त्यावरून त्याला चिडवूनही झालं आहे. पण आमच्या मागल्या दारापासून वीस पावलांवर विहीर आहे, विहिरीखाली व्हाळ, आणि तो व्हाळ माडांतून वाट काढत खाडीला जाऊन मिळतो. बाबूला पाण्याची ओढ आहे. हाक मारली तर तो वळून बघेलच असं नाही, आणि आपण कुठे चाललोय हे तो कुणाला सांगत नाही. म्हणून वाळे. स्वयंपाकघरात वहिनीचे कान कायम त्या आवाजावर असतात. आवाज थांबला की हातातलं टाकून ती धावत सुटते. गेल्या पावसात एके दिवशी कौलांवर सरी अशा कोसळत होत्या की वाळे ऐकूच येईनात. त्या दिवशी तिने त्याचा हात स्वतःच्या पदराला बांधला आणि भात शिजवला.

बाबू स्वमग्न आहे, इंग्रजीत ऑटिझम म्हणतात ते. स्वमग्न मुलांचं असं न सांगता निघून जाणं डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंचं एक मोठं कारण बुडणं हे आहे. घरोघरी विहीर, वाडीवाडीला व्हाळ आणि समोर समुद्र असलेल्या आमच्या कोकण किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. पण सरकारच्या कुठल्याही योजनेच्या अर्जात ‘मुलावर चोवीस तास नजर कोण ठेवतं?’ असा रकाना मी पाहिलेला नाही. माझं भांडण त्या रकान्यासाठी आहे.

बाबू माझ्या भावाचा मुलगा. भाऊ मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घरात वहिनी, माझी म्हातारी आई आणि बाबू. मी त्याच वाडीत राहते. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले, तरी खरं सांगायचं तर बाबू झाला नसता तर मला हा विषय कळला नसता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो खिडकीजवळच बसायचा, विचारलेलाच प्रश्न परत म्हणायचा, घंटा झाली की कानांवर हात दाबून ओरडायचा. मी त्याला हट्टी ठरवलं होतं. दुसऱ्या इयत्तेनंतर तो शाळेत आला नाही आणि मी त्याच्या घरी गेले नाही. आज तो पन्नाशीकडे झुकला असेल. तो कुठे आहे, त्याला कोण जेवायला वाढतं, हा विचार आता माझी पाठ सोडत नाही.

बाबू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, “अगो, रडतंस कित्याक? तेचो बापूस पण उशिराच बोललो.” देवळात गाऱ्हाणं घातलं. त्यात चूक काही नव्हती, त्या दिवसांत वहिनीला आधार तेवढाच होता. पण दोन वर्षं गेली. या वयातली दोन वर्षं फार मोलाची असतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. कार्यक्रम चांगला आहे. हृदयाची छिद्रं, दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं त्यातून सापडली आणि मुलं बरी झाली. पण स्वमग्नता वजनकाट्यावर दिसत नाही. नावाने हाक मारल्यावर मूल बघतं का, आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतं का, खेळात आपल्याला सामील करून घेतं का, हे सहा महिन्यांतल्या एका सकाळी, रडणाऱ्या चाळीस मुलांच्या गलक्यात कसं कळणार? ते रोज बघणाऱ्या अंगणवाडी सेविकेला कळतं. तिला काय बघायचं ते कुणीतरी नीट शिकवलेलं असलं पाहिजे, आणि तिने बोट दाखवल्यावर पुढे जायला तालुक्यात एक दार असलं पाहिजे.

मग अपंगत्वाचं सर्टिफिकेट. पहाटेची एसटी, जिल्ह्याच्या गावी नंबर लावून बसणं, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबलाइट, आणि बाबूने कान दाबून धरलेले. रांगेतल्या एका बाईंनी वहिनीला सुनावलं की पोराला जरा वळण लावा. वहिनी काही बोलली नाही, त्याच्या पाठीवर हात दाबून हळू आवाजात त्याचं आवडतं गाणं म्हणत राहिली. स्वमग्नता मोजायला आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी आहे, ४० मुद्द्यांची. त्यावरून गुण, गुणांवरून टक्के. ४० टक्के किंवा जास्त भरले तर कायद्याच्या दारातून आत. घरी आल्यावर लोकांनी दहावीच्या निकालासारखं विचारलं, “किती टक्के मिळाले?”

कायदा मी वाचला आहे, आणि तो चांगला आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नतेचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती कमतरता थोडी भरून काढली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नता आली. मोफत शिक्षण आलं, नोकऱ्यांत वाटा आला, ‘निरामय’सारखा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राने वेगळा दिव्यांग कल्याण विभागही काढला. हे सगळं मिळवायला ज्या पालकांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. तरी एक गोष्ट राहून गेली. या साऱ्या व्यवस्थेने बाबूला मोजलं, नोंदलं, कार्ड दिलं, पण त्याच्या घरी माणूस पाठवला नाही. आणि या घराला सगळ्यात जास्त गरज माणसाची आहे.

थेरपी या शब्दाने लोकांची फसगत होते. सुई टोचली, गोळी दिली, असं त्यात काही नाही. स्वमग्नता बरी करणारं औषध नाही, आणि ‘बरं करणं’ हा शब्दच इथे चुकीचा आहे. मुलाशी कसं बोलायचं, त्याच्या इशाऱ्याची वाट किती वेळ बघायची, तो शिंपल्यांची ओळ लावत असेल तर ती मोडण्याऐवजी आपणही एक शिंपला कसा लावायचा, हे रोज, घरात, शंभरदा करायचं असतं. ते शिकवणारी माणसं आमच्यापासून घाटापलीकडे आहेत. वहिनीने आठवड्यातून एकदा कोल्हापूर गाठायचा प्रयत्न केला. चाळीस मिनिटांच्या सत्रासाठी सगळा दिवस जायचा, आणि प्रवासाने बाबू असा बिथरायचा की दुसरा दिवस त्याला शांत करण्यात जायचा. तिथे चित्रांच्या कार्डांवर सफरचंद आणि जिराफ. त्याने आंबा, बांगडा, होडी यांतलं एकही कार्ड तिथे पाहिलं नाही. पावसात घाटात दरड कोसळली आणि सत्रं बंद पडली ती पडलीच.

यावर ठरलेलं उत्तर येतं की तज्ज्ञच कमी आहेत, सरकार तरी कुठून आणणार? उत्तर आमच्या किनाऱ्यावरच, बांद्याच्या पुढे सीमा ओलांडली की सापडतं. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने इंग्लंडमधली पालकांना शिकवण्याची एक पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली. ती गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तपासली गेली, आणि निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. ६५ मुलं होती. शिकवायला डॉक्टर नव्हते, थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पंधरा दिवसांतून एकदा, अशी बारा सत्रं. आईवडील मुलाशी खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं आणि तेच त्यांच्याबरोबर बसून बघायचं: बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो स्वतःहून पुढे आला. पालकांचं मुलाला प्रतिसाद देणं सुधारलं आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली असं नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. पण एवढं सिद्ध झालं की हे काम तालुक्यातली, शिकवून तयार केलेली, आपल्याच बोलीत बोलणारी माणसं करू शकतात.

मग आमच्या तालुक्यांत ती का नाहीत? एका तालुक्यात पाच कार्यकर्त्या, त्यांच्यावर देखरेख करणारा जिल्हा रुग्णालयात मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी असलेल्या लवकर हस्तक्षेप केंद्रातला एक थेरपिस्ट, आणि फिरायला प्रवासभत्ता, एवढंच मी मागते आहे. मात्र हे काम आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकायचं नाही. त्यांच्या मानधनाकडे पाहिलं तर तो अन्याय ठरेल, आणि काम तर होणारच नाही. वेगळी माणसं, वेगळा पगार, आणि दर काही महिन्यांनी उजळणी.

किती माणसं लागतील हे ठरवायलाही आकडा लागतो. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाची नोंद झाली, पण स्वमग्नतेला रकाना नव्हता. देशातल्या पाच ठिकाणी झालेली एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, त्यांत उत्तर गोवाही होता. त्या पाहणीत २ ते ९ वयाच्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. म्हणजे पटावर हजार मुलं असलेल्या शाळांच्या केंद्रात अशी दहा-बारा मुलं असायला हवीत. ती घरांत आहेत, दार ओढून घेतलेल्या घरांत.

आता पैशाचं बोलते. बाबू होण्यापूर्वी वहिनी काजूच्या कारखान्यात जायची. टरफलांतल्या चिकाने काळी पडलेली बोटं दाखवून हसायची, पण आठवड्याचे पैसे स्वतःच्या हातात यायचे. ते काम सुटलं. ती आज जे करते त्याला सरकारच्या हिशेबात किंमत शून्य आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली, त्याचं स्वागत आहे. पण २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे महिन्याची ही मदत आठ दिवसांच्या मजुरीएवढी. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत असावं लागतं. मुंबईत एका खोलीत चौघांबरोबर राहून पैसे पाठवणारा माझा भाऊ त्या रेषेच्या वर जातो. आयकरात सवलत आहे म्हणतात, जुन्या करप्रणालीत ७५,००० ची वजावट, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. पण ज्याचं उत्पन्न करापर्यंत पोहोचतच नाही त्याने वजावट कशातून घ्यायची?

त्याच २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. केरळ ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून घरी सांभाळ करणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम फारच लहान आहे, पण सांभाळणाऱ्या बाईचं कष्ट हे कष्ट आहे, हे एका राज्याने तरी कागदावर मान्य केलं. आपल्याकडे या कलमातला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हा शब्दप्रयोग सगळ्यांना पाठ आहे. कुवत नाही हे कुणी, कधी, कुठल्या हिशेबाने ठरवलं? सरकारी नोकरीतल्या आईला दिव्यांग मुलासाठी बालसंगोपन रजा नाकारता येणार नाही, असं २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या एका प्रकरणात सांगितलं. निकाल न्याय्य आहे. पण माझ्या वहिनीचा मालक कोण? ती रजेचा अर्ज कुणाकडे करणार?

यावर माझ्याच वयाचे लोक म्हणतात, पूर्वी नाही का घरं अशी मुलं सांभाळत होती? सांभाळत होती, पण ते घर आता उरलं आहे का? अंगणात दोन चुलत्या, तीन आत्या, ओटीवर आजोबा, असं मूल फिरायचं तेव्हा त्याच्यावर दहा डोळे असायचे. कोकणातली घरं चाकरमान्यांनी भरली ती मुंबईत, इथे कुलपं आहेत नाहीतर म्हाताऱ्या. आणि त्या जुन्या घरांतही अशी मुलं मागच्या पडवीत बसवलेली मी पाहिली आहेत. साठच्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतले मोठेमोठे डॉक्टरसुद्धा, आईच्या मायेत ओलावा नाही म्हणून मूल स्वमग्न होतं, असं सांगत होते. विज्ञानाने ते केव्हाच खोटं ठरवलं. आमच्याकडे रांगेतल्या बाई अजून तेच सांगतात.

जिथे सरकार पोहोचत नाही तिथे विकणारे पोहोचतात. पेशींचं इंजेक्शन दिलं की मूल बोलू लागेल, असं सांगून लाखो रुपये मागणारे फोन वहिनीलाही आले. ती आंब्याची दहा कलमं विकायला निघाली होती. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं होतं. ही माहिती तिच्यापर्यंत पोहोचवायला कुणी नव्हतं, आणि ते फोन मात्र घरबसल्या येत होते.

शाळेबद्दल मला थोडं जास्त बोलू द्या, ते माझं क्षेत्र. बाबू आमच्या वाडीच्या शाळेत जातो. पटावर ११ मुलं. गुरुजी एकच, पण त्यांनी एक गोष्ट केली. घंटा वाजवायचं काम त्यांनी बाबूलाच दिलं. आवाज कधी होणार हे आधी कळतं म्हणून आता तो कान दाबत नाही. साठ मुलांच्या वर्गात हे सुचलंही नसतं. अशा मुलांसाठी लहान, शांत, ओळखीची शाळा म्हणजे वरदानच, आणि कोकणात ती आपोआप तयार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा या मुलांचा विचार कुणी केला होता का? बाबूला गाडीत घालून आठ किलोमीटरवरच्या गोंगाटात नेलं तर तो आठवडाभरात घरी बसेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं आहे, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. आमच्याकडे एका शाळेत अशी दहा मुलं कधीच भरणार नाहीत. पण तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून कायम नेमणुकीचा फिरता विशेष शिक्षक आठवड्यातून दोनदा प्रत्येक शाळेत येऊ शकतो. वर्षावर्षाच्या करारावर नको. बाबूला एका माणसाची सवय व्हायला आठ महिने लागतात, आणि दहाव्या महिन्यात तो माणूस बदलला तर आहे तेही जातं.

आणि बाबू अठरा वर्षांचा झाल्यावर? राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आहे, ती कायदेशीर पालक नेमून देते. आयुष्यभर राहता येईल अशा ‘घरौंदा’ निवासांची योजनाही आहे. प्रत्येक किनारी जिल्ह्यात दहा-बारा जणांचं एक लहान घर उभं राहिलं पाहिजे, समुद्राचा वारा आणि माशाचं जेवण ओळखीचं असलेलं. त्यांना घाटावरच्या मोठ्या संस्थेत नेऊन टाकू नये. वहिनी रात्री दिवा लावताना काय म्हणते ते मी एकदा ऐकलं. “देवा, माका तेच्यापेक्षा येक दिस तरी जास्ती दी.” आईने मुलाच्या मागे एक दिवस जगायला मिळावं म्हणून हात जोडावेत, इतकी एकटी आपण तिला सोडली आहे. मला याचा राग येतो.

यंदाच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही अर्ज दिला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या गावात ते दरवर्षी सारख्या रकमेत वाटले जातात, नाहीतर ब्लँकेटं येतात. आम्ही विहिरीवर लोखंडी जाळी आणि मागच्या बाजूला कुंपण मागितलं. खाजगी विहिरीला नियमात बसत नाही असं उत्तर मिळालं. लेखी द्या म्हटलं, ते अजून आलेलं नाही. पुढच्या सभेत मी पुन्हा उभी राहणार आहे, आणि या वेळी दुसऱ्या वाडीतल्या दोन घरांनाही बरोबर घेणार आहे. त्यांच्याही घरांत अशी मुलं आहेत, हे अर्ज दिल्यावर कळलं.

तोवर भावाने पैसे पाठवले आणि परवा वेल्डिंगवाला माप घ्यायला आला. त्याचा टेप बाबूने धरला, ओढला, सोडला. पट्टी खर्रकन आत गेली. बाबूने परत ओढला. वेल्डिंगवाल्याला घाई होती तरी तो कठड्याला टेकून खाली बसला आणि टेपचं दुसरं टोक धरून राहिला. पाचव्या खेपेला त्याने मुद्दाम टेप सोडला नाही, नुसता थांबला. बाबूने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सोड.” तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अर्धा तास दोघांचं ते चाललं होतं. वहिनी मागल्या दाराच्या पायरीवर बसली होती, आणि चहा गरम असतानाच प्यायली.